डावीकडे इनायत

हर्णैला जुलैअखेर दर्या बंद.
होड्या वर ओढलेल्या, निळ्या ताडपत्रीखाली.
सोसायटीच्या ऑफिसात मी आणि एक ट्यूबलाइट,
वीज आली की जिला आधी खोकल्याची उबळ येते.

एक तारखेला लिलाव सुरू. त्याआधी
दोन फोल्डरांचा एक करायचाय.
डावीकडे इनायत मुकादमचा,
दोह्याला जाताना त्याने पेन ड्राइव्ह दिला होता
रुमालात गाठ मारून,
"लागलाच कधी तर."
उजवीकडे आमचा, रोजचा,
चार वर्षं ज्यात फक्त माझे हात.

एडिटरला म्हटलं, लाव शेजारी शेजारी.
तीनशे बारा फरक.
पोटात गोळा.
मग मोकळ्या जागा मोजू नकोस म्हणून सांगितलं,
ओळीच्या शेपटाला राहिलेली ती न दिसणारी स्पेस,
टॅबच्या जागी टॅब नसणं.
उरले एकोणीस.
(चोगले नि त्यांचा भाऊ बारा वर्षं बोलत नाहीत,
त्यातलंही बरंचसं असलंच असणार.)

पुढचा फरक. पुढचा.
सुरमईचा दर: बदललाय, बरोबर आहे.
त्याचं 'माकूल', माझं 'म्हाकूल'. राहू दे.
एक फाईल फक्त डावीकडे.
आत नुसती नावं, वाचायला त्रास होणाऱ्या बायकांची,
ज्यांची पावती मोठ्या अक्षरात छापायची.
उजवीकडे तिच्या जागी
तिरप्या रेघांचा राखाडी पट्टा.
कधी काढली? नवा प्रिंटर आला तेव्हा? मीच?

खिडकीबाहेर येसूबाय पावसे जाळं तुणतेय.
गुडघ्यावर ताणते. भोक शोधायला बघत नाही,
बोटं सरकवत नेते,
जिथं बोटांना काही लागत नाही तिथं थांबते.

फरक चौदावा.
पाटीतून बर्फाचं वजन वजा केल्यावर उरलेले ग्रॅम.
डावीकडे लाल: राउंड.
उजवीकडे हिरवं: फ्लोअर.
नवं ते हिरवं, एवढंच एडिटरला कळतं.
त्याच्या हिशोबात साडेसहाशेचा किलो व्हायचा,
चारशेचं काही नाही;
कधी तिचा फायदा, कधी सोसायटीचा.
माझ्या हिशोबात नऊशे नव्वदसुद्धा
पाण्यात.
वर एक कॉमेंट:
"सेक्रेटरी म्हणाले म्हणून. तात्पुरतं."
आद्याक्षरं माझी.

पापलेटाचा दिवस होता तो.
दीडशे पाट्या, रांग पार वाळूत,
आणि चोगले माझ्या खुर्चीमागे, बशीतला चहा फुंकत,
"पोरी, खालचं सोडून दे, हिशोब सुटसुटीत होतो."
एक शब्द तर बदलायचा होता.
जेवायलासुद्धा उशीर झाला नाही मला.

तीन हंगाम.
येसूबायच्या पावत्या काढल्या,
पाटीमागे सरासरी अर्धा किलो,
गुणाकार केला, पुसला, परत केला.
आकडा तोच आला.

मधल्या बाणावर टिचकी मारली
की डावीकडची ओळ उजवीकडे जाऊन बसते.
मारली.
रंग गेले. खाली अक्षरं आली,
दोन्ही फाईली सारख्या.
कुठल्या सारख्या.

इनायतला स्क्रीनचा फोटो पाठवला.
दोन निळ्या खुणा, उत्तर नाही,
शिफ्ट असेल त्याची.
अजून पाच फरक बाकी होते, ते तसेच ठेवून
त्या एका आकड्याचा कागद छापला
मोठ्या अक्षरात
आणि बाहेर आले.

येसूबायने मान वर न करता
जाळ्याचं टोक माझ्याकडे सरकवलं,
"धर गो. ताणून धर."
धरलं.
वारा होता म्हणून कागद दातांत,
दोन्ही हात जाळ्यात,
आणि ती विचारतेय,
"झाला का गो तुझा कंपूटर?"